दूरच्या शहराला माफी

एप्रिल २०२५मध्ये एसीपी प्रद्युम्न वारले. ‘सीआयडी’ मालिकेतल्या बॉम्बस्फोटात त्यांचा शेवट झाला, सोनी वाहिनीने समाजमाध्यमांवर रीतसर श्रद्धांजली वाहिली आणि प्रेक्षक भडकले. भडकायला कथानकातली चूक कारण नव्हती, की तपासातली फट नव्हती. १९९८पासून जो माणूस घराघरांत हाताची बोटं हवेत फिरवत ‘कुछ तो गडबड है’ म्हणत आला, त्याला आम्हाला न विचारता मारलंच कसं, एवढाच सवाल होता. काही आठवड्यांत ती भूमिका करणारे शिवाजी साटम पुन्हा पडद्यावर दिसू लागले. मधल्या काळात त्या खुर्चीत बसलेल्या नव्या एसीपीच्या वाट्याला मात्र फारशी माया आली नाही.

श्रोतेहो, गुप्तहेरकथा हा मोठा विलक्षण प्रकार आहे. तिचा प्रेक्षक नुसतं मत देऊन थांबत नाही. तो निकाल देतो, निकाल मानला नाही तर अपील करतो, आणि बरेचदा ते अपील मंजूरही होतं.

ही रीत दूरदर्शन संचाच्या जन्माच्याही आधीची. लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकाच्या डिसेंबर १८९३च्या अंकात आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात लोटून दिलं. वीस हजार वर्गणीदारांनी मासिक बंद केलं, असं सांगतात. लंडनच्या तरुणांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, असंही सांगतात. ही फितींची गोष्ट पुस्तकापुस्तकांतून फिरते, पण तिला त्या काळातला पुरावा कुणाला सापडलेला नाही. होम्सच्या भक्तांनी पुराव्याविना एक गोष्ट शंभर वर्षं सांगत राहावी, यात गंमत आहे. डॉयलने आठ वर्षं तग धरला. १९०१मध्ये त्याने ‘बास्करव्हिल’ची कादंबरी सुरू केली, तीही होम्सच्या मृत्यूपूर्वीची म्हणून. १९०३मध्ये मात्र त्याने सरळ शस्त्रं खाली ठेवली आणि होम्सला जिवंत केलं.

बीबीसीच्या ‘शेरलॉक’ने हाच खेळ जाणूनबुजून पुन्हा मांडला. १५ जानेवारी २०१२च्या भागात बेनेडिक्ट कंबरबॅचचा शेरलॉक लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवरून उडी घेतो, खाली पडतो, मरतो, आणि शेवटच्या दृश्यात स्वतःच्या थडग्यापासून जरा लांब उभा दिसतो. पुढचा भाग यायला १ जानेवारी २०१४ उजाडलं. मधली दोन वर्षं प्रेक्षकांनी काय केलं? त्या रुग्णालयाजवळच्या टेलिफोनच्या लाल खोक्याला आतून-बाहेरून चिठ्ठ्या चिकटवल्या. आमचा शेरलॉकवर विश्वास आहे, अशा अर्थाच्या. शिवाय उडीचे नकाशे काढले. कचऱ्याची गाडी कुठे उभी होती, सायकलवाला नेमका कधी आदळला, प्रेत कुणाचं होतं, हे सगळं कोर्टात दाखल करावं इतक्या तपशिलाने मांडलं गेलं. लेखक स्टीव्हन मॉफट आणि मार्क गॅटिस यांनी हे सगळं वाचलं असावं, कारण पुढच्या भागात त्यांनी प्रेक्षकांचे तर्कच पात्रांच्या तोंडी घातले. एक तर्क अगदी हिंदी सिनेमाच्या थाटाचा, खिडकी फोडून आत झेपावण्याचा. शेवटी खरा खुलासा ऐकून त्या भागातला अँडरसन नावाचा शेरलॉकभक्त नाराज होतो, म्हणजे घरी बसलेल्यांची नाराजीसुद्धा आधीच लिहून ठेवलेली होती. प्रेक्षकाच्या मताला इतक्या गांभीर्याने आणि इतक्या खवटपणाने घेणारी दुसरी मालिका सहज आठवत नाही.

आता याच मालिकेत लंडन किती होतं ते बघा. चित्रीकरणाचा मोठा भाग वेल्समधल्या कार्डिफमध्ये झाला. २२१ बी, बेकर स्ट्रीटचा जो दरवाजा जगाला पाठ झाला, तो लंडनमधलाच, पण नॉर्थ गॉवर स्ट्रीटवरचा. शेजारचं ‘स्पीडीज’ नावाचं खाणावळवजा कॅफे त्यामुळे तीर्थक्षेत्र झालं. त्याआधी १९८४पासून जेरेमी ब्रेटचा होम्स ज्या बेकर स्ट्रीटवरून चालत असे, ती अख्खी ग्रॅनाडा कंपनीने मँचेस्टरमध्ये उभारलेली होती. केनेथ ब्रॅनाच्या ‘वॉलँडर’मध्ये तर चित्रीकरण खरोखर स्वीडनमधल्या इस्टाड गावातलं, वर्तमानपत्रं स्वीडिश, पाट्या स्वीडिश आणि माणसं आपापसांत स्वच्छ इंग्रजीत बोलणारी. चंदीगडच्या सेक्टर २२मध्ये किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत बसून हे पाहणाऱ्याला यातलं काही खटकलं का? अजिबात नाही. धुकं आहे, दगडी इमारती आहेत, लांब कोट आहे, म्हणजे युरोप आहे. दूरच्या शहराला प्रेक्षकाची सरसकट माफी असते.

खुद्द बेकर स्ट्रीटची माणसंही या माफीत सामील होती. १९३२मध्ये अॅबी रोड बिल्डिंग सोसायटी ही घरकर्ज देणारी संस्था तिथल्या २१९ ते २२९ या पत्त्यावर आली आणि होम्सच्या नावाने पत्रं येऊ लागली. संस्थेने काय करावं? पत्रांना उत्तरं द्यायला एक सेक्रेटरी नेमली. पुढे अनेक दशकं हा उद्योग चालला. आपल्याकडच्या एखाद्या बँकेने झुंजार किंवा काळापहाड यांच्या नावाने आलेल्या टपालासाठी माणूस ठेवला असता तर बाबूराव अर्नाळकरांना किती आनंद झाला असता! त्यांच्या धनंजय आणि छोटू या जोडीत होम्स-वॉटसनची सावली होतीच, आणि ती जोडी गिरगावात वावरली तरी वाचकाने तिच्याकडे कधी पत्त्याचा पुरावा मागितला नाही.

माफी संपते ती घराजवळ आल्यावर.

जुलै २०२३मध्ये नेटफ्लिक्सवर ‘कोहरा’ आली. गुंजित चोप्रा, डिग्गी सिसोदिया आणि सुदीप शर्मा यांनी रचलेली, रणदीप झा यांनी दिग्दर्शित केलेली, सहा भागांची. पंजाबातलं जगराणा नावाचं काल्पनिक गाव. लग्नासाठी इंग्लंडहून आलेल्या तरुण नवरदेवाचं प्रेत लग्नाच्या तोंडावर शेतात सापडतं आणि त्याच्याबरोबर आलेला इंग्रज मित्र बेपत्ता होतो. तपासाला सब-इन्स्पेक्टर बलबीरसिंग, म्हणजे सुविंदर विकी, आणि त्याच्या हाताखाली एएसआय गरुंडी, म्हणजे बरुण सोबती. मित्राची आई इंग्लंडहून येते, ती भूमिका ‘लगान’मधल्या एलिझाबेथची, रेचल शेलीची. शेवट इथे सांगणं बरं नाही. सभागृहात अजून न पाहिलेले कुणी असतील.

युरोपातल्या शहराचा धागा इथेही आहे, फक्त उलट्या बाजूने. लंडन किंवा बर्मिंगहॅम पडद्यावर फारसं दिसत नाही. ते फोनवर, पासपोर्टमध्ये, आणि गावातल्या कोठीच्या आकारात दिसतं. पण इथल्या, म्हणजे पंजाब-चंदीगडच्या, प्रेक्षकाची नजर तिकडे नव्हतीच. त्याची नजर पहिल्या दहा मिनिटांत गेली ती भाषेवर. पोलीस आपापसांत पंजाबी बोलतात की पंजाबी लहेजाची हिंदी? हिंदी सिनेमातल्या पंजाब्याला वर्षानुवर्षं एकच काम दिलेलं होतं: ‘ओय’ म्हणायचं, भांगडा करायचा आणि पटियाला पेग मागायचा. ‘कोहरा’तल्या ठाण्यात माणसं कंटाळलेल्या, खालच्या पट्टीतल्या, शिव्यांनी सांधलेल्या पंजाबीत बोलतात. या एका गोष्टीने मालिकेला चंदीगड, मोहाली, लुधियाना इथे जी मान्यता मिळाली, ती कुठल्याही रहस्यभेदाने मिळाली नसती.

पंजाबी ही काही एक सलग भाषा नव्हे, हे इथे राहणाऱ्या मराठी माणसालाही चार-सहा महिन्यांत कळतं. अमृतसरची ‘माझी’ बोली वेगळी, जालंधरची दोआबी वेगळी, लुधियाना-भटिंड्याची मलवई वेगळी. आणि ज्या गावांच्या जमिनीवर हे चंदीगड शहर उभं राहिलं, त्यांची पुआधी आणखी वेगळी. मराठी मालिकांत ग्रामीण म्हटलं की पात्राला कोल्हापुरी ठसका चिकटवतात, मग ते पात्र यवतमाळचं असलं तरी. यवतमाळचा माणूस तेव्हा मनातल्या मनात जे म्हणतो, तेच इथला प्रेक्षक मुंबईत बनलेल्या पंजाबबद्दल म्हणत आला होता.

मालिकेबद्दल तक्रारी नव्हत्या असं नाही. कथा संथ आहे, गुन्ह्यापेक्षा पोलिसांच्या घरची भांडणंच जास्त, हा आक्षेप सर्रास ऐकू आला. बलबीरची मुलगी नवऱ्याचं घर सोडून आलेली, बापलेकीत शब्दाला शब्द. गरुंडीचं भावजयीशी गुंतलेलं नातं आणि त्यामागे उभी असलेली जमिनीची वाटणी. पण हा आक्षेप बहुधा दूरच्यांचा होता. शेतजमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून एका भावाने बिनलग्नाचं राहायचं, किंवा घरच्यांनी त्याला तसं ठेवायचं, ही गोष्ट पंजाबातल्या जाट कुटुंबांना समजावून सांगावी लागत नाही. जवळच्या प्रेक्षकाला जो भाग संथ वाटला नाही, तोच लांबच्याला फाटे फोडणारा वाटला. इथे मात्र जवळच्याचा कौल जास्त पटतो. ही वाटणी काढून टाकली तर ‘कोहरा’त फक्त एक प्रेत उरेल.

पोलिसांच्या मारहाणीबद्दलही मतं वाटली गेली. संशयिताला बडवणं या मालिकेत इतकं नेहमीचं आहे की तपास-अधिकारी चहा मागवावा तसा ते मागवतो. कुणाला हे धाडसी चित्रण वाटलं, कुणाला बदनामी. पंजाब पोलिसांकडे पाहण्याची या प्रांताची नजर एका मालिकेने तयार झालेली नाही. १९८६मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो पंजाबचे पोलीस महासंचालक म्हणून आले, त्याच वर्षी जालंधरला त्यांच्यावर हल्ला झाला. त्या दशकातल्या नाक्यांच्या, चकमकींच्या आणि परत न आलेल्या मुलांच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. बलबीरसिंगच्या वयाचा पोलीस पडद्यावर संशयिताच्या कानाखाली ठेवून देतो तेव्हा पन्नाशीपुढचा प्रेक्षक कथेच्या बाहेरचंही काही पाहत असतो.

सुदीप शर्मा यांना या जवळच्या प्रेक्षकाचा धाक आधीपासून माहीत असणार. २०१६च्या ‘उडता पंजाब’चे ते एक लेखक. त्या चित्रपटातून पंजाबचं नाव आणि तिथल्या शहरांची नावं काढा, अशी सूचना सेन्सॉर मंडळाकडून आली होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि एकाच कापावर सुटलं. पुढे त्यांच्याच ‘पाताल लोक’मध्ये एका शब्दावरून गोरखा संघटनांनी आक्षेप घेतला. कुठल्याही युरोपीय शहरातल्या मालिकेला भारतातून असा आक्षेप येत नाही, कारण ते आपलं नसतं.

जवळच्या प्रेक्षकाची ही चिकित्सा हाच मालिकेचा कणा असू शकतो, हे जर्मनांनी ओळखलं. ‘टाटोर्ट’ ही त्यांची मालिका नोव्हेंबर १९७०मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे, रविवारी रात्री सव्वाआठला. तिचं सूत्र साधं: एकेका प्रादेशिक केंद्राने आपल्या शहरातला तपास-अधिकारी उभा करायचा. एका रविवारी कलोन, दुसऱ्या रविवारी म्युन्स्टर, मध्येच ऑस्ट्रियाचं व्हिएन्ना. लोक दारूच्या गुत्त्यात एकत्र बसून ती पाहतात, खुनी कोण यावर पैजा लावतात आणि सोमवारी ऑफिसात उरलेला वाद घालतात. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर? सोलापूरचा भाग, नागपूरचा भाग, पणजीचा भाग, बेळगावचा भाग. बेळगावच्या भागात हवालदाराने पंचनामा कुठल्या भाषेत लिहायचा, यावरच पहिला हप्ता खर्ची पडला असता.

‘सीआयडी’ने हा मार्ग घेतला नाही. तिचे निर्माते बी. पी. सिंग मूळचे दूरदर्शनच्या मुंबई केंद्राचे कॅमेरामन. त्यांनीच साटमांना आणि दीपक शिर्केंना घेऊन मराठीत ‘एक शून्य शून्य’ काढली होती, आणि त्या मालिकेतली मुंबई ही पंचनाम्याची, चाळीची, पोलीस चौकीतल्या लाकडी बाकाची मुंबई होती. १९९८मध्ये हिंदीत जाताना मुंबईचं नाव राहिलं, पण शहर पातळ झालं. ते देशभरच्या प्रेक्षकाला चालेल असं कुठलंही शहर झालं. मालिका ऑक्टोबर २०१८पर्यंत दीड हजारांहून अधिक भाग चालली आणि डिसेंबर २०२४मध्ये परत आली, यावरून तो हिशेब बरोबरच निघाला म्हणायचं. २००४मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग एकाच शॉटमध्ये, कुठेही न तोडता चित्रित केला. तंत्राचा असा हट्ट भल्याभल्या युरोपीय मालिकांतही विरळाच. पण दया नावाचा अधिकारी जे दरवाजे तोडतो ते कुठल्या वॉर्डातले, हे कधी कुणी विचारलं नाही, आणि डॉक्टर साळुंखे प्रयोगशाळेत परीक्षानळी हलवून दोन मिनिटांत उत्तर कसं देतात, हेही कुणी विचारलं नाही.

इथे जरा थांबायला हवं. कारण भाषा, नंबरप्लेट, पगडीची घडी यांत अतिशय कडक असलेला जवळचा प्रेक्षकही एका बाबतीत लंडनच्या आणि मुंबईच्या मालिकांना सारखाच माफ करतो, ती म्हणजे पुराव्याचा वेग आणि पुराव्याची खात्री. चंदीगडच्या प्रेक्षकाने हे माफ करावं याचं विशेष नवल, कारण केंद्र सरकारची न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच शहरात आहे, सेक्टर ३६मध्ये, दक्षिण मार्गावर. तिथे येणारा मुद्देमाल सीलबंद येतो, नोंदवला जातो, रांगेत लागतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेने सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं, आणि ते अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा दिली. मुभा कशासाठी लागते हे उघड आहे: तेवढी माणसं, तेवढ्या गाड्या, तेवढ्या प्रयोगशाळा नाहीत. नव्या कायद्यांची पूर्ण अंमलबजावणी आधी चंदीगडने केली आणि ३ डिसेंबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते इथेच त्याचा समारंभ झाला. मालिकेत मात्र साळुंखेंना मुभा लागत नाही.

खरा तपास कसा दिसतो याचा एक नमुना याच शहरातल्या पंजाब विद्यापीठात घडला. अमृतसर जिल्ह्यात अजनाला गाव आहे. १८५७मध्ये लाहोरजवळच्या मियां मीर छावणीतून सव्वीसाव्या नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाई उठले, पळाले, आणि अजनाल्याजवळ पकडले गेले. अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने १८५८मध्ये पुस्तक लिहून स्वतःच सांगितलं की २८२ शिपायांना संपवलं. बरेचसे गोळ्या घालून, काही बंद बुरुजात गुदमरून, आणि सगळी प्रेतं एका कोरड्या विहिरीत. खुनाचा कबुलीजबाब छापील, आरोपीच्या सहीने. प्रेतं मात्र दीडशे वर्षं सापडली नाहीत. विहिरीवर गुरुद्वारा उभा राहिला होता. २०१४मध्ये एका स्थानिक इतिहासकाराच्या पाठपुराव्याने तो हलवला गेला आणि उत्साही गावकऱ्यांनी विहीर उपसली. म्हणजे घटनास्थळाची वाट लागली. हाडं फुटली, थर मिसळले. शेरलॉकने डोक्याला हात लावला असता.

मग वाद सुरू झाला. हे १८५७चे शिपाई, असं एक मत. छे, ही १९४७च्या फाळणीतली माणसं, असं दुसरं. दोन्ही बाजू आपापल्या मतावर ठाम, आणि दोघांकडेही कथा चांगली. पंजाब विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागातले जे. एस. सेहरावत यांनी मोडक्या हाडांपेक्षा दातांवर जास्त भिस्त ठेवली, कारण दात टिकतात आणि त्यांच्या इनॅमलमध्ये माणसाने लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण राहते. हैदराबादची सीसीएमबी, लखनौची बिरबल सहानी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांच्यासह केलेल्या या कामात पन्नास नमुन्यांचा डीएनए आणि पंच्याऐंशी नमुन्यांचा ऑक्सिजन समस्थानिकांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाला: ही माणसं पंजाबातली किंवा आजच्या पाकिस्तानातली नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातली आहेत. सव्वीसाव्या पलटणीची भरती बंगाल, बिहार, पूर्व उत्तर प्रदेश इकडचीच. कूपरचं पुस्तक आणि दातांतलं पाणी एकमेकांशी जुळलं.

उत्खनन ते निष्कर्ष आठ वर्षं. आणि इतकं होऊनही एकाही सांगाड्याला नाव मिळालेलं नाही. मालिकेच्या प्रेक्षकापुढे असा शेवट ठेवला तर तो काय म्हणेल याचा अंदाज बांधायला फार हुशारी नको.

प्रेक्षकाला खुलासा हवाच असतो, आणि मिळालेला खुलासा आवडला नाही तर तो दुसरा शोधतो. ‘शेरलॉक’च्या चौथ्या हंगामाचा शेवटचा भाग १५ जानेवारी २०१७ला लागला. अनेकांना तो इतका वाईट वाटला की हा खरा शेवट असूच शकत नाही, असा तर्क त्यांनी मांडला. एक गुप्त चौथा भाग आहे, तो पुढच्या रविवारी दुसऱ्याच नावाखाली दाखवणार आहेत! पुढच्या रविवारी बीबीसीवर ‘अॅपल ट्री यार्ड’ नावाची नवी मालिका सुरू झाली आणि काही भक्त शेरलॉक कधी प्रकटतो म्हणून ती बघत बसले. तो प्रकटला नाही. ती खरोखरच वेगळ्या कादंबरीवरची वेगळी मालिका होती. प्रत्येक गोष्टीत खूण शोधायला ज्या मालिकेने सात वर्षं शिकवलं, तिच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत अख्खी वाहिनीच खूण म्हणून वाचली.

चंदीगडसाठी मात्र खुणांची एक मालिका तयारच पडलेली आहे, आणि तिचा दुसरा पाय थेट युरोपात आहे. ल कॉर्बुझिएच्या या शहरासाठी त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे याने सरकारी कचेऱ्या, विद्यापीठ, ग्रंथालयं यांना सागवानी खुर्च्या-टेबलं करून दिली. वेताची बैठक आणि उलट्या व्हीसारखे पाय. पुढे त्या जुन्या झाल्या, मोडल्या, गच्चीवर रचल्या गेल्या आणि कवडीमोलाने भंगारात गेल्या. मग त्याच खुर्च्या पॅरिस आणि लंडनच्या लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागल्या. २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली, तरी खुर्च्या चोरीला जातच राहिल्या. यातली सगळ्यात मासलेवाईक गोष्ट म्हणजे खुर्चीच्या पाठीवर कारकुनाने रंगाने काढलेला खात्याचा नंबर. सरकारी मालमत्ता ओळखू यावी म्हणून तो काढला, आणि लिलावात तोच अस्सलपणाचा दाखला ठरून किंमत वाढवतो. कुठल्या गुप्तहेरकथाकाराला याहून चांगला धागा सुचला असता?

शिवाय पोलीस तीन. चंदीगडचे वेगळे, मोहालीला पंजाबचे, पंचकुल्याला हरियाणाचे, आणि रस्ता एकच. २०११च्या ‘द ब्रिज’ या मालिकेत डेन्मार्क-स्वीडनमधल्या पुलावर बरोबर सीमारेषेवर प्रेत सापडतं आणि दोन देशांचे पोलीस नाइलाजाने एकत्र येतात. ती कल्पना इतकी चालली की अमेरिका-मेक्सिको आणि ब्रिटन-फ्रान्स या सीमांवर तिच्या आवृत्त्या निघाल्या. इथे तर भाजी आणायला गेलेला माणूस दोन हद्दी ओलांडतो. खुर्ची सेक्टर १४मधल्या विद्यापीठातून उचलली, मोहालीच्या गोदामात ठेवली, पंचकुल्याच्या व्यापाऱ्याने विकली, तर गुन्हा कुणाचा? कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, हे कायद्याच्या पुस्तकात आहे. मुन्शीच्या टेबलापुढे उभं राहिल्यावर काय होतं, ते लेखकाने लिहायचं.

अशी मालिका आलीच, तर तिच्यातलं पॅरिस बहुधा पुदुच्चेरीत किंवा एखाद्या हॉटेलच्या लॉबीत उरकलं जाईल आणि ते इथे कुणालाही खटकणार नाही. तिकडे पॅरिसचा प्रेक्षक सेक्टर १७चा चौक म्हणून जे काही दाखवतील ते निमूट मान्य करील. पण सुखना तलावापासून विद्यापीठापर्यंत पाठलाग चालू असताना चंदीगड पोलिसांच्या जिप्सीला सीएच ०१च्या जागी पीबी ६५ची पाटी दिसली, किंवा पुआधातला हवालदार अमृतसरच्या लहेजात बोलला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाकाठी फिरणारे निवृत्त लोक खुर्ची कुणी चोरली याबद्दल एक अक्षरही बोलणार नाहीत.